ब्रेक खाली लागतोय? मास्टर सिलिंडर बदलायच्या आधी घरच्या घरी काय काय बघायचं

सेकंड हँड गाडी घेतली तेव्हा केए 22 (बेळगाव) पासिंग, एकच मालक, टायर बरे, एसी थंडगार, एवढंच बघून मी खूश होतो. ब्रेक जरा खाली लागतो हे पहिल्याच दिवशी जाणवलं होतं, पण विकणारे काका म्हणाले, "या मॉडेलला असंच असतंय ओ, सवय होते." आणि मला खरंच सवय झाली, तिथंच घोळ झाला. पेडल एकदम खाली गेलं तर माणूस घाबरतो आणि गॅरेजला जातो, पण महिन्याला एक दोरा असं खाली जात राहिलं की पायाला कळतच नाही, पाय आपोआप जास्त दाबायला शिकतो.

मग एका मे महिन्यात जांबोटी कणकुंबी करून चोर्ला घाट उतरताना, चार माणसं, डिकी भरलेली, मी सगळा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरवला. केरीच्या अलीकडं शेवटच्या वळणांवर पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं गेलं. दोन-तीनदा दाबल्यावर थोडं लागलं, गाडी कडेला घेतली. अर्धा-पाऊण तास थांबलो, आणि परत बसलो तर पेडल एकदम नेहमीसारखं! बायको म्हणाली देवच पावला. मी पण तेच समजलो.

परत बेळगावात आल्यावर एका गॅरेजला दाखवलं, त्यांनी पेडल एकदा दाबून बघितलं आणि "मास्टर गेलाय" म्हणून सांगितलं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा भाग) बदलला, साडेचार हजार गेले, आणि ब्रेक? जिथं होता तिथंच, खाली. पुढं महिनाभर मी स्वतः मॅन्युअल वाचून, मावसभावाला पेडलवर बसवून, एक-एक टेस्ट करून शोधलं तेव्हा कळलं की गाडीत एकाच वेळी दोन वेगळे बिघाड होते आणि मास्टरचा दोघांशी काही संबंध नव्हता. त्यातल्या बहुतेक टेस्ट फुकटातल्या आहेत, पाना लावायचीसुद्धा गरज नाही. म्हणून हे लिहितोय. सगळी दुरुस्ती घरी करा असं माझं म्हणणं नाही, पण बिघाड कुठल्या बाजूला आहे एवढं कळून गॅरेजला गेलात तर निम्मा खर्च वाचतो.

1. आधी ठरवा, गाडी हलवायची की नाही

पेडल फ्लोअरला टेकत असेल, डॅशवरचा लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडल्यावरपण जळत असेल, चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसत असेल, किंवा ब्रेक ऑइलची टाकी मिनिमम मार्कच्या खाली असेल तर गाडी जागेवरून हलवू नका. "गॅरेज जवळच आहे, हळू जातो" हे करू नका. खानापूरहून असो नाहीतर निपाणीहून, टोइंग बोलवा किंवा मेस्त्रीला घरी बोलवा.

आजकालच्या गाड्यांचा मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा असतो, एक लाइन फुटली तरी दुसरी दोन चाकं धरते. म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की "ब्रेक थोडा लागतोय ना, चालतंय." एक कप्पा गेला की पेडल निम्मं खाली जातं आणि थांबायला लागणारं अंतर कितीतरी वाढतं. तवंदी घाटात ट्रकच्या मागं असताना हे कळून काही उपयोग नाही.

चालत्या गाडीत पेडल गेलंच तर भराभर पंप मारत राहा, गिअर एक-एक खाली आणा, आणि हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, झटका देऊन ओढलात तर मागची चाकं घसरतील. इंजिन बंद करू नका, बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि स्टिअरिंग दोन्हीची मदत जाईल.

2. सामान आणि कागद

सामान फार नाही. गाडीचं ओनर मॅन्युअल (सेकंड हँड गाडीत नसतंच, कंपनीच्या साइटवर मिळतं), टॉर्च, दोन जॅक स्टँड म्हणजे आपली घोडी, चाकाला लावायला दोन बरे दगड किंवा लाकडाचे ठोकळे, व्हील पाना, बऱ्याच गाड्यांच्या ब्लीड निपलला (चाकापाशी लाइनमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) लागतो तो 8 किंवा 10 चा रिंग पाना, माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी, एक रिकामी प्लास्टिकची बाटली, भरपूर चिंध्या, आणि सीलबंद ब्रेक ऑइल. शिवाय एक माणूस, जो "दाब" म्हटल्यावर दाबेल आणि "सोड" म्हणेपर्यंत सोडणार नाही. हे शेवटचं मिळणं सगळ्यात अवघड.

ब्रेक ऑइल कुठलं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट 3 किंवा डॉट 4. तेच घ्या. डॉट 5 नावाचं एक सिलिकॉनचं असतं, ते आपल्या नेहमीच्या ऑइलमध्ये चालत नाही, आणि डॉट 5.1 हे त्याच्यापेक्षा वेगळं आहे, नावाला फसू नका.

कागदांत मागच्या सर्व्हिसची बिलं काढून ठेवा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, पॅड (डिस्कला दाबून धरतात ते) कधी, मागचे लायनर (ड्रमला आतून घासतात ते) कधी, हे तीन सापडले तर बघा. माझ्या गाडीच्या बिलांत ब्रेक ऑइल "टॉपअप" तीनदा होतं आणि "चेंज" एकदाही नव्हतं, तिथंच मला अर्धं उत्तर मिळायला पाहिजे होतं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोडी न लावता हातसुद्धा घालू नका. अंगणात माती असेल तर घोडीखाली फळी घ्या, पावसाळ्यात आपल्याकडची लाल माती घोडी गिळते.

3. पेडल कसं खाली जातं ते पायाला विचारा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि गॅरेजमध्ये नेमकी हीच कुणी करत नाही. "ब्रेक लूज आहे" हा एकच शब्द आपण चार वेगळ्या दुखण्यांना वापरतो. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकाला दगड लावा, इंजिन बंद, आणि चार-पाच वेळा पेडल दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. पेडल कडक होईल. आता सावकाश दाबून बघा.

पेडल दाबल्यावर खाली स्पंजासारखं लागतंय, जोर वाढवला की अजून थोडं जातं, सोडलं की परत वर येतं, म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक ऑइल दाबलं तरी आकुंचन पावत नाही, हवा पावते, म्हणून तो फुग्यासारखा फील येतो. क्वचित रबरी होस पाईप म्हातारा होऊन फुगत असेल तरी असंच लागतं.

दुसरा प्रकार, पहिल्या पंपात ब्रेक खाली लागतो पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर लागतो आणि कडक लागतो, स्पंज नाही. इथं सहसा हवा नसते. कुठंतरी गॅप जास्त आहे, पहिल्या पंपाचं सगळं ऑइल ती गॅप भरण्यातच संपतंय. मागच्या ड्रममधले लायनर झिजलेत आणि गॅप कमी ठेवणारा ॲडजस्टर जाम आहे, हे नेहमीचं कारण. माझी गाडी यातली होती. मात्र हवा जास्त असली तरी पंप मारल्यावर पेडल थोडं वर येतं, म्हणून फक्त वर येतंय का एवढंच बघू नका, वर आल्यावर दगडासारखं लागतंय की उशीसारखं ते बघा.

तिसरा प्रकार म्हणजे पेडल लागतं तर बरोबर उंचीवर, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू बुडत जातं. सिग्नलला उभं असताना हे जास्त कळतं, गोगटे सर्कलला थांबलात आणि पाय हळूच फ्लोअरकडं चाललाय. ऑइल बाहेर गळतंय, नाहीतर मास्टरच्या आतलं रबर ऑइल धरून ठेवत नाही.

चौथा उलटाच, पेडल लाकडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही. हा बूस्टरचा किंवा त्याच्या व्हॅक्यूम पाईपचा विषय, या लेखात नाही.

आणि एक नवशिक्यांचा ठरलेला गैरसमज. इंजिन बंद असताना पेडल दाबून धरून गाडी स्टार्ट केली की पेडल थोडं खाली सरकतं. हे बरोबर आहे! बूस्टर काम करतोय याची ती खूण. नाही सरकलं तर काळजी करा. माझ्या ओळखीतल्या एकानं यावरूनच मास्टर बदलायला काढला होता.

4. बॉनेट उघडा

ऑइलच्या टाकीवर मॅक्स आणि मिनिमम दोन रेषा असतात. लेव्हल थोडी उतरलेली असेल तर लगेच गळती समजू नका, पॅड झिजतात तसे कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल तिकडं जातं. म्हणून पॅड संपत आलेत आणि तुम्ही टाकी मॅक्सपर्यंत भरलीत, तर नवीन पॅड बसवताना तेच ऑइल उलटं येऊन टाकीतून बाहेर सांडतं आणि खालचा पेंट खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, निघून जातं.

पण लेव्हल आठवड्या-पंधरा दिवसांत दिसण्याइतकी उतरत असेल तर गळती आहेच. फक्त ती ब्रेकचीच असेल असं नाही. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच याच टाकीतून ऑइल घेतो. क्लचचं पेडलपण ढिलं झालंय का, गिअर पडताना कुरकुर होतेय का बघा, नाहीतर चारी चाकं खोलून बसाल आणि गळत असेल क्लच.

झाकण उघडताना आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि कमीत कमी वेळ उघडं ठेवा. या ऑइलला हवेतला ओलावा ओढून घ्यायची खोड आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर, त्यातून कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, हवेत पाणी किती असतं सांगायला नको. मागच्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली कपाटात आहे म्हणून ती ओतायची, हे अजिबात नको. ताजं ऑइल फिकट पिवळं असतं, जुनं चहासारखं, फार जुनं कडक काढ्यासारखं. रंगावरून पाणी किती आहे ते कळत नाही, पण काढा दिसला तर बदला, विचार करू नका.

5. गळती शोधा

कुठं बघायचं ते क्रमानं सांगतो. चारी चाकांची आतली बाजू, टायरच्या आतल्या भिंतीवर ओला पट्टा. मग प्रत्येक कॅलिपर, प्रत्येक रबरी होसचे दोन्ही जॉइंट, आणि गाडीखालून मागं जाणारे लोखंडी पाईप, विशेषतः क्लिपा लागतात तिथं, कारण चिखल तिथंच साठतो आणि गंज तिथंच धरतो. ऊसाच्या सीझनला शेतातल्या रस्त्यानं गाडी घालणाऱ्यांनी हे पाईप जास्त बघावेत.

मागचा ड्रम काढता आला तर व्हील सिलिंडरचं (लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण स्क्रू ड्रायव्हरनं हळूच मागं करा. आत नुसता दमटपणा असेल तर ठीक, थेंब आला तर सिलिंडर गेला. त्या ऑइलनं लायनर भिजले असतील तर ते पुसून परत बसवू नका, नवीनच घाला, आणि दोन्ही बाजूंचे घाला. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा एअरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

एक गळती मात्र लपून बसते. मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथं जोडलेला असतो तिथं मागच्या सीलमधून ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर एक थेंब पडत नाही. बूस्टरच्या काळ्या पेंटवर मास्टरच्या खालीच पापुद्रे सुटलेले दिसले तर ओळखा. लेव्हल उतरतेय पण गळती कुठंच सापडत नाही, क्लचपण बरा आहे, तर पहिला संशय इथं.

6. हँडब्रेकची टेस्ट

ही टेस्ट मला माहीत असती तर माझे साडेचार हजार वाचले असते, म्हणून जरा सविस्तर. ज्यांच्या गाडीला मागं ड्रम आहेत त्यांच्यासाठी.

हँडब्रेक सोडलेला असताना (चाकाला दगड लावलेत ना?) पेडल दाबून ब्रेक किती खाली लागतो ते बघून ठेवा. आता हँडब्रेक पूर्ण ओढा आणि परत दाबा. पेडल स्पष्टपणे वर लागलं तर मागच्या लायनरची गॅप जास्त आहे. कारण साधं आहे, हँडब्रेकनं लायनर ड्रमला नेऊन टेकवले, आता ती गॅप ऑइलला भरावी लागत नाही. काही फरक पडला नाही तर मागची बाजू सहसा ठीक, दुसरीकडं शोधा.

माझ्या गाडीत पेडल दोन बोटं वर आलं. मावसभाऊ वरून ओरडला, "अरे आता लागूलालंय की बरोबर!" ड्रम काढला तर डाव्या बाजूच्या ॲडजस्टरची चक्री गंज आणि धुळीनं अशी जाम की पक्कडीनं फिरेना. लायनर झिजत गेले की हा ॲडजस्टर आपोआप पुढं सरकून गॅप कमी ठेवतो, तो जाम झाल्यावर गॅप वाढत गेली, पेडल खाली जात गेलं, आणि विकणारे काका म्हणाले सवय होते. चक्री साफ करून, आट्यांना उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावून, ड्रम हातानं फिरवताना हलकं घासल्याचा आवाज येईपर्यंत ॲडजस्ट केलं. खर्च जवळजवळ शून्य.

यातला सापळा असा की बरेच जण हँडब्रेक वर येतोय म्हणून नुसती केबल कसून टाकतात. केबल जास्त कसली की ड्रमच्या आतला लिव्हर पूर्ण मागं येत नाही आणि बऱ्याच गाड्यांत ॲडजस्टर कामच करायचं थांबतो. आधी लायनर ॲडजस्ट, शेवटी केबल. हा क्रम मेस्त्रीला सांगायला लाजू नका.

पुढच्या चाकाला असाच "पहिला पंप खाली, दुसरा वर" प्रकार बेअरिंग ढिलं झाल्यावर होतो. खराब रस्त्यावरून गेल्यावर लगेच पहिला ब्रेक खाली आणि चांगल्या रस्त्यावर ठीक, असं असेल तर चाक वर उचलून वरखाली धरून हलवा. बेअरिंगला प्ले असला की डिस्क डगमगते आणि पॅडना मागं ढकलते.

7. पाय धरून ठेवायची टेस्ट

इंजिन बंद, व्हॅक्यूम संपवलेला. पेडल मध्यम जोरानं दाबून एक मिनिट धरा. मग तेच परत अगदी हलक्या पायानं करा. हलक्या पायाची टेस्ट सोडू नका, मास्टरमधलं झिजलेलं रबर जोरात दाबलं की फाकून भिंतीला चिकटतं आणि धरतं, हलकं दाबलं की त्याच्या कडेनं ऑइल मागं निसटतं. जोरात दाबल्यावर थांबतं आणि हलकं दाबल्यावर बुडतं, बाहेर गळती नाही, टाकीची लेव्हल उतरत नाही, तर मास्टरवर बोट ठेवायला हरकत नाही. इंजिन चालू असताना पेडल किंचित सरकणं काही गाड्यांत नॉर्मल असतं, म्हणून बंद इंजिनाची टेस्ट खरी धरा.

मास्टर बदलायचाच ठरला तर नवीन सिलिंडर गाडीवर चढवायच्या आधी बाकावर धरून त्यातली हवा काढायला सांगा. नाहीतर नवीन मास्टरसकट जुनीच तक्रार घेऊन परत याल.

8. होस पाईप

एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि तुम्ही होसवर टॉर्च मारून हात ठेवा. फुगा येताना दिसला, भेगा दिसल्या, तर बदला. होस चिमटून कुठल्या चाकाकडून पेडल मऊ होतंय ते शोधायची पद्धत आहे, ज्या चाकाचा होस चिमटल्यावर पेडल कडक होतं तिकडं बिघाड. पण त्याला गुळगुळीत जबड्याचा खास क्लॅम्प लागतो. पक्कडीनं चिमटलात तर चांगला होसपण आतून फाटेल, तेव्हा ही टेस्ट गॅरेजवर सोडा.

9. हवा काढणं

मेस्त्री लोक एअर काढणं म्हणतात, कन्नड मेस्त्री असेल तर "गाळी" हा शब्द कानावर येईल, म्हणजे हवाच, ऑइल गाळतोय असं समजू नका.

आपल्या गाड्यांत मास्टर बहुतेक उजवीकडं असतो, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. जुन्या पद्धतीत लांबून जवळ, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल सांगेल तसं.

निपलवर नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवलेलं. वरच्यानं पेडल दाबून धरायचं, खालच्यानं निपल पाव आटा सोडायचा, बुडबुडे आणि ऑइल येईल, निपल बंद करायचा, आणि मग वरच्यानं पाय सोडायचा. निपल उघडा असताना पाय सुटला की बाहेरची हवा उलटी आत. म्हणून बोलायचं ठरवून घ्या, आमचं "दाबलं" आणि "सोड" एवढंच होतं, तरी मावसभावानं मोबाईल वाजला म्हणून मध्येच पाय काढला आणि ते चाक पहिल्यापासून करावं लागलं.

टाकीकडं दर सात-आठ पंपांनी बघा. टाकी रिकामी झाली की सगळ्या लाइनमध्ये हवा. बाटलीत निघालेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

जुन्या गाडीत पेडल फ्लोअरपर्यंत ढकलू नका. मास्टरचं रबर रोज ठरावीक जागेतच फिरतं, त्याच्या पुढच्या भागात गंज आणि घाण साठलेली असते, तिथं रबर नेलंत की कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. चांगला मास्टर असा एअर काढताना घालवलेले लोक मी बघितलेत.

दहा वेळा एअर काढली तरी स्पंज जात नाही, तर निपल बघा. नुकतंच पुढचं काम झालं असेल आणि कॅलिपर डावा उजवीकडं लागला असेल तर निपल खालच्या बाजूला येतो. हवा वर राहणार आणि तुम्ही खालून ऑइल काढत बसणार. निपल कायम वरच्या टोकाला पाहिजे.

एबीएस असेल (एप्रिल 2019 नंतरच्या नवीन गाड्यांत असतोच) आणि त्याच्या मॉड्युलेटरमध्ये (चाकांकडचा ऑइलचा दाब कमी-जास्त करणारा डबा) हवा गेली असेल तर बऱ्याच गाड्यांत ती पायानं निघत नाही, स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. टाकी कधी पूर्ण रिकामी झाली होती का, हे गॅरेजला खरं सांगा.

ब्रेकचा कुठलाही भाग रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलनं धुवायचा नाही. गॅरेजमध्ये सर्रास धुतात. त्यानं रबर फुगतं आणि आठवडाभरात नवीन रबर-सीलचं किट खराब होतं. ब्रेक क्लीनर नाहीतर ताजं ब्रेक ऑइलच वापरायला सांगा.

10. फक्त घाटात सॉफ्ट होतो, गावात ठीक

हा माझा दुसरा बिघाड. डॉट 3 ऑइल ताजं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी गेलं की हा आकडा 140 वर येतो. डॉट 4 चं 230 वरून 155. घाटात सतत ब्रेक दाबला की कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी थांबवून गार केली की वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल कडक. म्हणून केरीला देव पावल्यासारखं वाटलं. गॅरेजला दाखवेपर्यंत तो पुरावाच शिल्लक नसतो.

घाटात पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही असं झालं तर ऑइल नाही, पॅड किंवा लायनर तापलेत. दोन्हीचा उपाय उतरताना एकच, ज्या गिअरला तो घाट चढता त्याच गिअरला उतरा, चोर्ला असो, अनमोड असो की आंबोली, आणि ब्रेक थोडा थोडा दाबून सोडत राहा. पण ऑइल एकदा उकळलं तर ते पूर्ण बदलाच. एरवीपण बहुतेक कंपन्या दोन वर्षांच्या आसपास बदलायला सांगतात, आणि टॉपअप म्हणजे बदलणं नव्हे.

11. गॅरेजला जाल तेव्हा

"ब्रेक बघा" म्हणू नका. "पहिला पंप खाली, दुसरा वर आणि कडक, हँडब्रेक ओढल्यावर पेडल वर येतं" असं सांगा. चांगला मेस्त्री खूश होतो, दुसरा थोडा चिडतो, आणि तुम्हाला कुठं काम द्यायचं ते तिथंच कळतं. उद्यमबाग परिसरात हायड्रॉलिक्सचं काम जाणणारी माणसं आहेत, सील, कप, बोअर या गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागत नाहीत, पण गाडीचा ब्रेक शेवटी ब्रेकच्या माणसाकडूनच करून घ्या. जुना पार्ट परत मागा, नवीनचा डबा बघा, पक्कं बिल घ्या. ब्रेक ऑइलची बाटली तुमच्या समोर फोडायला सांगा.

12. ट्रायल

पॅड, लायनर, कॅलिपर काहीही काम झालं की गाडी सुरू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप मारा. पॅड मागं ढकललेले असतात, पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि गॅरेजच्या दारातच भिंतीला गाडी लागलेली मी बघितलीय. मग रिकाम्या रस्त्यावर पाच-दहाच्या स्पीडला एकदा, वीसला एकदा, चाळीसला एकदा ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची लेव्हल, चारी निपल आणि उघडलेले जॉइंट कोरड्या फडक्यानं पुसून बघा. आठवड्यानं परत एकदा. बाटलीत निघालेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, झाकण लावून गॅरेजच्या वेस्ट ऑइलवाल्याकडं द्या, फक्त त्याला हे ब्रेक ऑइल आहे असं सांगून वेगळं द्या.